मागच्या चाकांचा कर्ता कोण?

एका वाहनाने दुसऱ्या वाहनाला ओढून नेणे हा वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आणि वाहतुकीच्या नियमांचा विषय आहे. परंतु ज्या वस्तूला स्वतःची गती नाही, दिशा नाही आणि थांबण्याची शक्तीही नाही, ती दुसऱ्याच्या बळावर रस्त्याने जाऊ लागली की तिच्याकडून घडणाऱ्या बऱ्यावाईटाचा कर्ता कोण, असा प्रश्न उभा राहतो, आणि भारतीय दर्शनांनी व धर्मशास्त्रांनी तो निरनिराळ्या रूपांत फार पूर्वीपासून हाताळलेला आहे. मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न रोजच्या रस्त्यावरचा आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावरून कंटेनरचे लांबलचक ट्रेलर घाटकोपर आणि मुलुंड ओलांडत जातात. २०२१ च्या जानेवारीत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांचे पहिले डबे बंगळूरहून चारकोपच्या कारशेडमध्ये आले तेही ट्रेलरवर बसून, रस्त्याने. आणि दरवर्षी भाद्रपदात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील मंडळांच्या मोठ्या मूर्ती लोखंडी ट्रॉलीवर चढवून, ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या मागे जोडून वर्सोवा, जुहू, मार्वे, गोराई किंवा पवई तलावाकडे नेल्या जातात. पहिल्या दोन प्रसंगी ओढली जाते ती मालमत्ता असते. तिसऱ्या प्रसंगी भाविकांच्या दृष्टीने साक्षात देव ओढला जात असतो, आणि म्हणूनच कर्तृत्वाचा प्रश्न तिथे धर्माचा प्रश्न होतो.

कायद्याने या बाबतीत जी भूमिका घेतली आहे ती विचार करण्याजोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी बनवलेले वाहन; ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा हिस्सा ते पुढचे वाहन पेलते, त्याला कायदा अर्ध-ट्रेलर म्हणून वेगळे काढतो. कंटेनर वाहून नेणारी, बोलीभाषेत सरसकट ट्रेलर म्हटली जाणारी वाहने बहुधा या दुसऱ्या प्रकारातली असतात, तर मंडळाची ट्रॉली पहिल्या प्रकारातली. विशेष म्हणजे ‘मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या करताना याच अधिनियमाने इंजिन नसलेल्या ट्रेलरचाही त्या संज्ञेत समावेश केला आहे, म्हणजे जे स्वतः चालत नाही तेही कायद्याच्या दृष्टीने वाहनच आहे. चालकाची व्याख्या तर आणखी पुढे जाते: एखादे मोटार वाहन दुसऱ्याकडून ओढले जात असेल तर त्या ओढल्या जाणाऱ्या वाहनाची दिशा सांभाळणारा माणूसही चालकच मानला जातो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीचा पुढचा दांडा हातांनी वळवणारे जे कार्यकर्ते असतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना या व्याख्येची कल्पना असेल.

कायदा अशा रीतीने दोन वाहने आणि प्रसंगी दोन चालक मानतो, पण रस्ता मात्र त्यांना एकच समजतो. वळणावर जागा लागते ती दोघांना मिळून, आणि अपघात होतो तोही दोघांचा मिळून. दोन असूनही एक, आणि एक दिसत असूनही दोन, या स्थितीचे सर्वांत नेमके विश्लेषण वैशेषिक दर्शनाने केले आहे. कणादाच्या सूत्रांपासून सुरू झालेल्या आणि प्रशस्तपादाच्या भाष्यात व्यवस्थित मांडल्या गेलेल्या या दर्शनात पदार्थांमधील संबंधांचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. समवाय हा कधीही वेगळे न राहू शकणाऱ्यांचा संबंध, जसा धागे आणि वस्त्र यांचा, किंवा द्रव्य आणि त्याचा रंग यांचा. संयोग हा आधी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचा एकत्र येण्याने झालेला संबंध; तो एक गुण आहे, तो दोन्ही द्रव्यांत मिळून राहतो, एकट्यात राहू शकत नाही, आणि विभाग म्हणजे परस्परांपासून सुटणे घडताच तो नष्ट होतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे नाते संयोगाचे आहे, याबद्दल कोणा नैयायिकाला शंका येणार नाही. शंका येते ती चालवणाऱ्याच्या वागण्याबद्दल. काही तास सुरळीत प्रवास झाला की तो या संयोगाला समवाय समजू लागतो, मागचे वाहन आपल्या वाहनाचाच अवयव आहे असे धरून चालतो, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात याच गैरसमजातून होते.

वैशेषिकांनी संयोगाचे तीन पोटप्रकार केले आहेत. दोहोंपैकी एकाच्याच हालचालीने होणारा संयोग, ज्याला ते अन्यतरकर्मज म्हणतात आणि ज्यासाठी खांबावर येऊन बसणाऱ्या ससाण्याचे उदाहरण परंपरेत रूढ आहे. दोघांच्याही हालचालीने होणारा, म्हणजे उभयकर्मज, जसा एकमेकांना भिडणाऱ्या दोन मल्लांचा. आणि एका संयोगातून उपजणारा दुसरा संयोग, म्हणजे संयोगज, जसा हात झाडाला लागला की शरीरही झाडाला लागले असे म्हटले जाते. ट्रॉली जोडण्याची सुरक्षित पद्धत म्हणजे तो पहिल्या प्रकारचा संयोग पहिल्याच प्रकारचा राहील याची खबरदारी होय. ट्रॉली स्थिर हवी, तिच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावलेले हवेत, आणि हालचाल फक्त ट्रॅक्टरने करायची असते, तीही मागे उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या इशाऱ्यावर. त्या माणसाने ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधोमध उभे राहायचे नसते, बाजूला आणि चालकाला आरशात दिसेल असे उभे राहायचे असते. उपनगरातल्या अरुंद गल्लीत मात्र नेमके उलटे होते: ट्रॅक्टर मागे येत असतानाच दहा-बारा जण ट्रॉली पुढे ढकलू लागतात, ससाणा आणि खांब यांचे दोन मल्ल होतात, आणि त्या दोन मल्लांच्या मध्ये कोणाची तरी बोटे किंवा गुडघा सापडतो.

संयोगाचे आणखी एक लक्षण न्यायशास्त्राने सांगितले आहे, आणि ते या विषयाच्या गाभ्याशी आहे. संयोग हा अव्याप्यवृत्ती आहे, म्हणजे तो आपल्या आश्रयाला संपूर्णपणे व्यापत नाही. झाडाच्या फांदीवर माकड बसले असताना झाडाचा माकडाशी संयोग फांदीपाशी असतो, मुळापाशी नसतो, हे नव्यन्यायाचे आवडते उदाहरण आहे. अनेक टनांची मूर्ती, ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांचा सगळा संबंध असाच एका ठिकाणी एकवटलेला असतो, आणि ते ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या हुकातून ट्रॉलीच्या दांड्याच्या कडीत वरून सोडलेली एक पिन. ती पिन त्या भोकाच्या मापाचीच असली पाहिजे, वाकलेली किंवा मधोमध झिजलेली असता कामा नये, आणि तिच्या खालच्या टोकाच्या भोकात खिटी अडकवलेली असली पाहिजे, कारण खिटीवाचून पिन खड्ड्याच्या धक्क्याने हळूहळू वर सरकते आणि निघून जाते. मूळ पिन हरवली म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा तिथे घालण्याची पद्धत सर्रास दिसते. तो तुकडा सरळ रस्त्यावर तग धरतो, चढावर वाकतो, आणि तो वाकला आहे हे वरून कोणालाही दिसत नाही. कंटेनरच्या ट्रेलरमध्ये पिनेची जागा किंगपिन घेते, जी पुढच्या वाहनावरील फिफ्थ व्हील नावाच्या तेलकट चकतीच्या जबड्यात अडकते. तिथे जोडणीचा नुसता आवाज ऐकून समाधान मानायचे नसते, विजेरी घेऊन वाकायचे, जबडा पिनेभोवती पूर्ण मिटला आहे का आणि चकती व ट्रेलरचे बूड यांत फट राहिली आहे का हे डोळ्यांनी पाहायचे, मग ट्रेलरचे ब्रेक लावून पुढचे वाहन हलकेच ओढून बघायचे, आणि त्यानंतरच ट्रेलरचे टेकू वर घ्यायचे असतात. दोन्ही बाजूंची उंची जुळली नाही तर जबडा मिटूनही पिन त्याच्या बाहेरच राहू शकते. उंची न जुळलेली जोडणी काय करते हे अंधेरीकरांना वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे, कारण २०२४ साली गोखले पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळत नसल्याचे दिसून आले आणि बर्फीवाला पुलाचा भाग जॅकने उचलून दोन्ही सांधावे लागले. पुलाच्या बाबतीत ही चूक निदान उभी राहून दिसते, ट्रेलरच्या बाबतीत ती धावत असते.

वैशेषिकांचा गतिविचारही इथे उपयोगी पडतो. पृथ्वीद्रव्यात म्हणजे घन वस्तूंत कर्म किंवा हालचाल कशाने उत्पन्न होते, याची कारणे देताना कणादाने नोदन, अभिघात आणि संयुक्तसंयोग अशी तीन नावे घेतली आहेत. नोदन म्हणजे ज्या संपर्कानंतर दोन्ही वस्तू एकमेकींना न सोडता एकत्र सरकतात तो दाब; अभिघात म्हणजे ज्यातून आवाज निघतो आणि वस्तू परस्परांपासून फेकल्या जातात तो आघात; संयुक्तसंयोग म्हणजे जोडलेल्याला जोडलेले असणे, ज्यामुळे पहिल्याची गती दुसऱ्यातून तिसऱ्यापर्यंत पोहोचते. ट्रॅक्टर, पिन, दांडा, ट्रॉली, चौथरा आणि मूर्ती ही संयुक्तसंयोगाची साखळीच आहे. सगळ्या कड्या घट्ट असतील तर ओढणे हे आरंभापासून शेवटपर्यंत नोदन राहते. पिन सैल असेल, चौथऱ्याचे बोल्ट ढिले असतील, तर प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना आणि सोडताना नोदनाचा अभिघात होतो आणि कान देणाऱ्याला तो खाडकन ऐकू येतो. अनुभवी चालक मागून येणारा हा आवाज ओळखतो. मिरवणुकीत ढोल-ताशे आणि डीजे यांच्या गदारोळात तो ऐकू येणे अशक्य असते, म्हणून तपासणी आवाज सुरू होण्याच्या आधी व्हायला हवी. याचा अर्थ प्राचीनांना आधुनिक यंत्रविद्या अवगत होती असा मात्र नव्हे. तसे दावे करणाऱ्यांनी दर्शनांचे नुकसानच अधिक केले आहे. कणादाला ट्रॅक्टर ठाऊक नव्हता. त्याला संबंध ठाऊक होते, आणि जोडणी हा संबंधच आहे.

संस्कार या गुणाचा एक भेद म्हणून वैशेषिक वेग सांगतात. सुटलेला बाण धनुष्यापासून दूर गेल्यावरही पुढे का जातो, याचे उत्तर म्हणून ही कल्पना आली: पहिली गती नोदनाने, पुढची त्या गतीने मागे ठेवलेल्या वेगाने, आणि वेग संपला की गुरुत्वामुळे पतन. ओढल्या जाणाऱ्या वाहनाची सगळी अडचण या वेगात आहे, कारण पुढच्याने ठरवले म्हणून मागच्याचा वेग संपत नाही. मंडळाच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून पवईकडे उतरताना किंवा आरेतल्या उतारांवर थांबवायचे असते ट्रॅक्टरने, आणि थांबायचे असते त्याच्यापेक्षा जड असलेल्या मागच्या ओझ्याने. ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्या भूमिका उतारावर बदलतात, मागचा पुढच्याला ढकलू लागतो. म्हणून उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा लागतो, मध्यावर गिअर बदलण्याचा प्रयत्न करायचा नसतो, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे तर कर्तृत्वाचा राजीनामा होय. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: शेतात चटकन वळता यावे म्हणून त्याच्या डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांना वेगवेगळे ब्रेक पेडल असतात, आणि रस्त्यावर येताना ते दोन्ही खिटीने एकत्र जोडायचे असतात. ते जोडले नाहीत आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका अंगाला गर्रकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याच्या कुशीत घुसते.

भार कुठे ठेवला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्या ट्रेलरचा आस मध्यभागी असतो त्यात एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडणीवर टेकावा असा सर्वमान्य संकेत आहे. तो कमी पडला, म्हणजे ओझे आसाच्या मागे गेले, तर ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो; तो फार झाला तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. झोके सुरू झाल्यावर जोरात ब्रेक मारणे किंवा वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करणे’ हे दोन्ही घातक; अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढून स्टिअरिंग सरळ धरून ठेवणे एवढेच हाती असते. चार चाकांच्या ट्रॉलीत दांड्यावर भार नसतो, पण तिथे उंचीचा प्रश्न येतो: मूर्ती मंडपात मोजली जाते, तर रस्त्यावर तिच्यात ट्रॉलीचा पाटा, चौथरा आणि मुकुट मिळालेले असतात. गुरुत्वाचा मध्य जितका वर, तितके वळण धोक्याचे.

येथवर गतीचे झाले. या गतीतून कोणाला इजा झाली तर दोष कोणाचा, याचा विचार धर्मशास्त्राने केलेला आहे आणि तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ तपशीलवार आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनामुळे होणाऱ्या हिंसेचे प्रकरण येते. तिथे दहा प्रसंगी दंड नाही असे म्हटले आहे: बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, बांधणीचे पट्टे, जोते किंवा लगाम तुटले, चालकाने बाजूला व्हा असे ओरडून सांगितले होते, अशा स्वरूपाचे ते प्रसंग आहेत. म्हणजे ज्याला आज जोडणी म्हणता येईल ती तुटणे हे मनूच्या मते माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु चालकाच्या अकौशल्यामुळे वाहन भरकटले तर दंड मालकाला; चालक कुशल असूनही इजा झाली तर दंड चालकाला; आणि चालक अकुशल असेल तर वाहनात बसलेल्या सर्वांना प्रत्येकी शंभर पण दंड. अखेरची तरतूद धीट आहे. अकुशल माणसाच्या हाती लगाम आहे हे दिसत असूनही जे बसून राहिले, त्यांचे बसून राहणे हीच एक कृती ठरवली गेली आहे. ट्रॉलीवर मूर्तीच्या पायाशी दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्या वीस-पंचवीस कार्यकर्त्यांना ही तरतूद आज लावली, तर मंडळाचा बराचसा निधी दंडातच जाईल.

तुटणे म्हणजे निर्दोष असणे, ही मनूची भूमिका आज टिकत नाही, आणि ती टिकू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली एका लॉरी अपघाताच्या खटल्यात असे ठरवले की यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकानेच सिद्ध केले पाहिजे की तो दोष लपलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडण्यासारखा नव्हता. धर्मशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायालयाने बिघाडाला दैवाच्या खात्यातून काढून पुरुषकाराच्या, म्हणजे मानवी प्रयत्नाच्या, खात्यात टाकले. ही उलथापालथ परंपरेला अगदीच परकी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत एका चाकावर रथ चालत नाही तसे पुरुषकारावाचून दैव फळत नाही, अशा अर्थाचे वचन आहे. आणि भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण आणि विविध चेष्टा ही चार आधी मोजून दैव पाचव्या स्थानी ठेवले आहे. मिरवणुकीच्या संदर्भात अधिष्ठान म्हणजे ती ट्रॉली आणि तो रस्ता, कर्ता म्हणजे स्टिअरिंगवर बसलेला माणूस, करण म्हणजे पिन, साखळी आणि ब्रेक, चेष्टा म्हणजे ढकलणाऱ्या, वळवणाऱ्या, दोर धरणाऱ्या सर्वांच्या हालचाली. दुर्घटनेनंतर ‘देवाच्या मनात होते’ असे जे म्हटले जाते त्यात पाचवे कारण पहिल्या जागी आणून बसवलेले असते आणि उरलेल्या चारांची चौकशी टळते. सप्टेंबर २०२५ मध्ये साकीनाक्याच्या खैराणी रस्त्यावर विसर्जनाला निघालेल्या मूर्तीचा लोंबणाऱ्या विजेच्या तारेशी संपर्क होऊन एकाचा जीव गेला आणि काही जण जखमी झाले. तार कोणाची, ती तिथे का लोंबत होती, हे प्रश्न चौकशीचे आहेत. परंतु मार्गावरील प्रत्येक तारेची उंची आदल्या दिवशी मोजता येते, आणि तार उचलायला घेतलेला, पावसात भिजलेला बांबू वीज अडवत नाही, या दोन्ही गोष्टी दैवाच्या कक्षेत येत नाहीत. विसर्जनाच्या आधी पालिका आणि पोलीस धोकादायक रेल्वे पुलांची यादी जाहीर करतात, तीत घाटकोपरचा रेल्वे पूलही असतो आणि अशा पुलांवर थांबू नये, नाचू नये असे बजावलेले असते. त्या यादीला न जुमानता पुलाच्या मधोमध थांबवलेली मिरवणूक सुखरूप पार पडली, तर त्यालाही श्रद्धेचा विजय म्हणणे कठीण आहे.

इथे भाविकाचा एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. ज्याला विघ्नहर्ता म्हणून वर्षानुवर्षे पुजले, तोच ट्रॉलीवर बसलेला असताना पिनेची आणि साखळीची चिंता करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय? या आक्षेपाला शास्त्रातूनच उत्तर मिळते. पार्थिव गणपतीच्या पूजेत प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्वाचे आवाहन केले जाते आणि उत्तरपूजेने त्याला निरोप दिला जातो. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की विधीच्या दृष्टीने देवता निघून गेलेली असते. म्हणजे देव आणि माती यांचे नातेही या पूजेत संयोगाचेच मानले आहे, त्याला आरंभ आहे, मुदत आहे आणि ठरवून केलेला विभाग आहे. मंडपात उत्तरपूजा आटोपून जी मूर्ती ट्रॉलीवर चढवली जाते ती काटेकोर अर्थाने देवतेचे निवासस्थान राहिलेली नसते. तिच्यापुढे चाललेला जयघोष हा प्रेमाचा असतो. अंधेरीच्या आझाद नगरातील, १९६६ साली सुरू झालेल्या गणेशोत्सवाची मूर्ती अनंत चतुर्दशीला न निघता पुढच्या संकष्टी चतुर्थीला वर्सोव्याकडे निघते आणि तिची मिरवणूक तासन्‌तास चालते. त्या तासांत हजारो लोक तिला हात जोडतात, आणि ते हात जोडणे खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण संरक्षणाची मागणी ज्याच्याकडे करायची त्याला शास्त्रशुद्ध निरोप देऊन झालेला आहे, ही गोष्ट विधी मानणाऱ्याला तरी नाकारता येत नाही. निरोप दिल्यानंतरच्या वाटेवर जे होईल ते माणसांचे काम.

उत्तरपूजेचा हा युक्तिवाद ज्यांना फार कोरडा वाटेल, त्यांच्यासाठी उदयनाचार्यांची वाट मोकळी आहे. दहाव्या शतकातील या नैयायिकाने न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करताना जी अनुमाने दिली त्यांत एक धृतीचे, म्हणजे धारण करण्याचे, आहे: गुरुत्व असलेली वस्तू खाली पडत नाही तेव्हा कोणा सचेतनाचा प्रयत्न तिला धरून असतो, जसे उडत्या पक्ष्याने धरलेले काटूक, म्हणून पडत नसलेल्या या जगालाही धरणारा कोणी असला पाहिजे. हे अनुमान पटो वा न पटो, त्याचा पाया लक्षात घेण्यासारखा आहे. ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावाच इथे धरून ठेवण्याच्या प्रयत्नावर उभा आहे. जो पडू देत नाही तो ईश्वर, असे मानणाऱ्याला मूर्ती पडू नये म्हणून दोर आवळणारा हात अश्रद्धेचा वाटण्याचे कारण नाही.

कठोपनिषदातील प्रसिद्ध रथात आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत, पण त्या रथाला मागे काहीही जोडलेले नाही. ते एकट्या जीवाचे रूपक आहे. मिलिंदप्रश्नात भदंत नागसेनाने आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नव्हे, त्या सर्वांवर अवलंबून असलेले ‘रथ’ हे एक व्यवहारापुरते नाव आहे, असे राजा मिलिंदाला पटवून दिले. तिथेही मागे ओढल्या जाणाऱ्याचा विचार नाही. ओढण्याचे आणि थोपवण्याचे कर्तृत्व लोकांनी आपापसांत वाटून घेतल्याचे चित्र ग्रंथांपेक्षा खानदेशातल्या रथोत्सवात अधिक स्पष्ट दिसते. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. दोर धरून तो ओढणारे भाविक असंख्य असतात, पण चाकाशी वाकून मोगरी लावणारे मोजकेच. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. तिच्यानेच एवढा मोठा रथ वळतो आणि तिच्यानेच थांबतो. मोगरी लावणे हे तिथे मानाचे आणि जोखमीचे काम समजले जाते, त्यासाठी सराव लागतो, आणि मोगरीवाल्याने हात वर केला की दोर धरलेल्यांना थांबावेच लागते. उपनगरातल्या मिरवणुकीत दोर आहे, ढोल आहे, झेंडा आहे, मोगरीवाला नाही.

आधुनिक ट्रेलरच्या रचनेत हा मोगरीवाला यंत्रात बसवलेला आहे. एअर ब्रेकच्या ट्रेलरमध्ये ब्रेक मोकळे ठेवण्यासाठी हवेचा दाब लागतो. नळी तुटली, ट्रेलर सुटला, की हवा जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप आवळले जातात. रचनाकाराने विभाग घडेल हे आधीच धरलेले असते. पिनेखेरीज दोन्ही वाहनांना बांधणारी जी सुरक्षा साखळी असते तिच्यामागेही हीच कबुली आहे, आणि ती दोन पदरांची, दांड्याच्या खालून फुलीसारखी ओलांडून लावायची असते, म्हणजे पिन निघालीच तर दांडा जमिनीवर न आपटता साखळीच्या झोळीत पडतो. संयोग हा संयोगच आहे, तो सुटू शकतो, हे ज्याने बुद्धीने मान्य केले त्याच्याच ट्रॉलीला साखळी असते.

गणेशोत्सवाच्या परवानगीसाठी मंडळे पालिकेकडे आणि पोलिसांकडे जे अर्ज करतात त्यांत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांची नावे असतात. विसर्जनाच्या दिवशी पिन, खिटी, साखळी, ब्रेक आणि मार्गावरील तारा तपासण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, ज्याने हात वर केला की ट्रॅक्टर थांबेल आणि ज्याच्या शब्दापुढे अध्यक्षांचाही आग्रह चालणार नाही, अशा एका कार्यकर्त्याचे नाव अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या प्रत्येक मंडळाने त्याच यादीत, पुढच्या भाद्रपदाच्या आधी, लिहावे.